पिशवीतले सेकंद

पबजीतली माझी पहिली मॅच मला नीट आठवते, कारण तिच्यात मी श्रीमंतीत मेले. पोचिंकी गावाच्या कडेला एका दुमजली घरात मी सात-आठ मिनिटं एकेक खोली झाडून घेत होते. पाच फर्स्ट एड, नऊ एनर्जी ड्रिंक, तीनशे गोळ्या, तीन नंबरची बॅग आणि असू दे म्हणून उचललेला एट-एक्स स्कोप. हा स्कोप माझ्याजवळच्या एकाही बंदुकीला बसत नव्हता. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि समोरच्या झाडाआडून कुणीतरी मला आडवं केलं. मेल्यावर मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पुढचा खेळ बघता येतो. तो निवांत माझ्या पेटीपाशी आला, वाकला, आणि बाईनं भाजी निवडावी तसं माझं सामान निवडू लागला.

भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "आत्या, तू लूट नाही केलीस. तू त्याला होम डिलिव्हरी केलीस."

नेमबाजी सरावानं येते, आणि माझ्या वयाला बेताचीच येते. पण हातातल्या वस्तू कधी वापरायच्या आणि खेळात मिळणारी मिशन्स कशी उरकायची, या दोन गोष्टी डोक्यानं करायच्या आहेत. तिथे चाळिशीतल्या माणसालाही संधी आहे. म्हणून हे प्रकरण.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विमानातून शंभर जण एका बेटावर उतरतात. अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही. जे लागेल ते घरांतून, गोदामांतून शोधायचं. नकाशावर एक वर्तुळ आवळत जातं, बाहेर राहिलात तर तब्येत झिजते, आणि शेवटी उरेल तो जिंकला. या कल्पनेचं मूळ जपानी आहे. कौशुन ताकामी यांची 'बॅटल रॉयल' ही कादंबरी १९९९ साली आली आणि पुढच्याच वर्षी किंजी फुकासाकू यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्यात शाळेच्या एका वर्गाला बेटावर सोडून देतात आणि प्रत्येकाच्या हाती एक पिशवी देतात. कुणाच्या पिशवीत बंदूक निघते. चित्रपटाच्या नायकाच्या पिशवीत मात्र पातेल्यावरचं झाकण निघतं. हा चित्रपट पाहून ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसानं दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करत स्वतःचा खेळ रचला. २०१७ साली तो 'पबजी' नावानं आला आणि मोबाइलवरची आवृत्ती २०१८च्या मार्चमध्ये. पहिल्या बेटाचं नाव एरँगल, आठ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. ते नाव त्यानं आपल्या मुलीच्या, एरिनच्या, नावावरून बेतलं.

पातेल्याच्या झाकणाची गोष्ट विसरू नका, तिच्याकडे परत येणार आहे.

आता सामान. नवा खेळाडू वस्तू मोजतो: माझ्याकडे पाच आहेत, तुझ्याकडे तीन. मुरलेला खेळाडू सेकंद मोजतो. बँडेज बांधायला चार सेकंद लागतात आणि शंभरपैकी दहा भाग तब्येत परत येते. फर्स्ट एडला सहा सेकंद, पण तब्येत पंचाहत्तरपर्यंतच जाते, पुढे नाही. मेडकिटला आठ सेकंद आणि शंभर पूर्ण. काम अर्धवट सोडलंत तर वस्तू खर्च होत नाही, मात्र गेलेले सेकंद परत मिळत नाहीत.

हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. ते जमिनीवर उतरवून बघा. या खेळात धावणारा माणूस सहा सेकंदांत तीस-पस्तीस मीटर कापतो. तुम्ही भिंतीआड फर्स्ट एड सुरू केलंत आणि शत्रू वीस मीटरवरच्या घरात असेल, तर तुमची पट्टी संपण्याआधी तो दारात उभा राहील. गोळी लागल्याबरोबर औषधाला हात घालणं ही सगळ्या नवशिक्यांची खोड आहे. दुखतंय म्हणजे आधी औषध, ही आपली घरची सवय. खेळात आधी अंतर बघायचं. शत्रू जवळ असेल तर अर्ध्या तब्येतीनं उभं राहून बंदूक रोखलेली बरी. लांब असेल, किंवा त्यालाही लागलेलं असेल, तर तोही आत्ता पट्टीच बांधतोय असं धरून चालावं. तेव्हा कुणाचे सेकंद आधी संपतात एवढाच प्रश्न उरतो. भाचा अशा वेळी मनात आकडे मोजतो आणि सहा म्हणता म्हणता घराबाहेर पडलेला असतो.

चार बँडेज म्हणजे सोळा सेकंद आणि चाळीस भाग. एक फर्स्ट एड म्हणजे सहा सेकंद, आणि तब्येत वीसवर आली असेल तर पंचावन्न भाग. त्यामुळे बँडेजचा ढीग वाहून नेण्यात अर्थ नाही. चार-पाच ठेवावीत, तीही सुरुवातीची दहा मिनिटं. पुढे फर्स्ट एड मिळाले की ती जमिनीवर सोडून द्यावीत. जमिनीवर वस्तू सोडायला जीव होत नाही हे मला कळतं. दिवाळीचे रिकामे डबे जपणाऱ्या घरातलीच आहे मी.

फर्स्ट एड पंचाहत्तरवर थांबतं, मग उरलेले पंचवीस कुठून आणायचे? इथे पडद्यावर तब्येतीच्या जोडीला बूस्ट नावाची दुसरी पट्टी येते, आणि मला विचाराल तर अर्धा खेळ या पट्टीत आहे. एनर्जी ड्रिंक चार सेकंदांत ही पट्टी चाळीस भागांनी भरतं. पेनकिलर सहा सेकंदांत साठ भागांनी. म्हणजे एक ड्रिंक आणि एक पेनकिलर घेतलं की दहा सेकंदांत पट्टी काठोकाठ. ॲड्रेनलिनची सिरिंज एकटीच ती पूर्ण भरते. पट्टी भरलेली असेल तोवर तब्येत आपोआप हळूहळू चढते, पंचाहत्तरच्या पुढेही. पट्टी जितकी भरलेली, तितका चढण्याचा वेग जास्त. आणि अगदी भरत आली की पायांचा वेगही जरासा वाढतो. मग ती सावकाश रिकामी होत जाते.

यातून निघणारी युक्ती साधी आहे, पण नव्वद टक्के नवखे ती उलटी करतात. ते लागल्यावर पितात. प्यायचं असतं लागण्याआधी. मैदान ओलांडायचं आहे, समोरच्या घरावर चाल करायची आहे, वर्तुळ आवळणार आहे, तर आधी थांबून बूस्ट भरून घ्यावं. त्या वेळी सेकंद फुकट असतात, कारण कुणी तुमच्यावर गोळ्या झाडत नसतं. लढाई सुरू झाल्यावर तेच चार सेकंद सोन्याच्या भावानं पडतात. भाच्याचं यावर एकच वाक्य आहे, "आत्या, हील महाग, बूस्ट स्वस्त." गाडीत शेजारी बसलेल्याचे सेकंदही असेच फुकट असतात. चालवणारा चालवतोय, तुम्ही खिडकीतून डोंगर बघत बसण्याऐवजी पट्टी बांधून घ्या.

मेडकिट मात्र जपून ठेवायचं. त्याचा खरा उपयोग शेवटच्या वर्तुळांत, त्यांच्या कडेच्या निळ्या भिंतीबाहेर अडकलात तर. तिथे तब्येत इतक्या वेगानं झिजते की ड्रिंक पुरं पडत नाही.

बॅगेत काय भरावं याचं पक्कं कोष्टक मी देणार नाही, कारण ते बंदुकीवर आणि जोडीदारांवर अवलंबून आहे. तरी काही गोष्टी सांगते. ७.६२च्या गोळ्या ५.५६पेक्षा जड असतात, त्यामुळे एकेएम घेऊन फिरणाऱ्याची बॅग एम४१६वाल्यापेक्षा लवकर भरते. दोन्ही बंदुका एकाच गोळीच्या असतील तर जागा वाचते. आणि तीनशे गोळ्या लागत नाहीत. कुठल्याही मॅचच्या शेवटी तुमच्या पेटीत किती उरल्या ते बघा, म्हणजे पुढच्या वेळी आपोआप दीडशे-एकशेऐंशीवर याल. वाचलेल्या जागेत ग्रेनेड भरा. स्कोप, ग्रिप, नळीपुढे लावायचे कॉम्पेन्सेटर यांबद्दल इंटरनेटवर वाटेल तेवढं सांगितलं जातं. मी एवढंच म्हणेन की जो स्कोप लावून तुम्हाला दिसतं आणि हात हलत नाही तो तुमचा.

हेल्मेट आणि जॅकेट यांना एक, दोन, तीन असे दर्जे असतात. पहिला दर्जा गोळीची तीस टक्के इजा अडवतो, दुसरा चाळीस, तिसरा पंचावन्न. कार९८ या एकेका गोळीच्या बंदुकीनं डोक्यात मारलं तर दुसऱ्या दर्जाचं हेल्मेट असलेला माणूस एका गोळीत पडतो, तिसऱ्या दर्जाचं असेल तर वाचतो. विमानातून पडणाऱ्या पेटीतल्या एडब्ल्यूएम बंदुकीपुढे मात्र तिसरा दर्जाही टिकत नाही. म्हणून त्या पेटीतून लाल धूर निघू लागला की सगळं बेट तिकडे धावतं. मी धावत नाही. पेटी उघडणाऱ्याचे सेकंद कसे जातात ते झाडाआड पडून बघत बसते. कधी कधी तीच माझी त्या मॅचमधली एकमेव शिकार असते.

आता पातेल्याचं झाकण. पबजीत एक तळणीचा पॅन मिळतो. त्यानं मारता येतं, पण मोठा गुण म्हणजे तो गोळी अडवतो. कमरेला मागे लटकवला की तेवढ्या भागावर आलेली गोळी टण्णकन आवाज करून उडून जाते. हेल्मेट फुटतं, जॅकेट फाटतं, पॅनला काही होत नाही. बॅगेत जागा लागत नाही, दिसला की उचलायचा. चित्रपटातल्या मुलाचा विचार करता मला ही फार न्यायाची गोष्ट वाटते.

ग्रेनेडची पिन काढून तो हातात धरून ठेवता येतो आणि उलट मोजणी पडद्यावर दिसते. लगेच फेकला तर शत्रूला पळायला वेळ मिळतो. नको तितका धरला तर काय होतं ते मी करून पाहिलेलं आहे, आणि जोडीदारालाही सोबत नेलं आहे. पण बॅगेतली सगळ्यात कमी लेखली जाणारी वस्तू म्हणजे स्मोक. धुरानं कुणी मरत नाही म्हणून नवखे तो उचलत नाहीत. संघातला माणूस पडला की तो लगेच मरत नाही, रांगत राहतो. त्याला उठवायला दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तुम्ही त्याच्याशेजारी वाकून हलता न येता बसलेले असता. उघड्यावर दहा सेकंद म्हणजे दोघांचं मरण. आणि एकच स्मोक पडलेल्या माणसावर टाकला तर शत्रूला ठाऊक असतं की धुराच्या मधोमध दोघे आहेत. तो न बघता गोळ्या मारतो. दोन-तीन स्मोक टाका, एक शत्रूच्या बाजूला, त्याची नजर अडेल असा, एक भलतीकडे. मगच माणूस उठवायला जा.

कानांबद्दलही एक सांगायचं राहिलं. पावलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, दुसऱ्या मजल्यावर कुणी ड्रिंक उघडल्याचा आवाज ही फुकटची माहिती आहे, म्हणून हेडफोन लावून खेळावं. पण घरात बसून. मार्च २०१९मध्ये हिंगोलीत रुळांलगत हा खेळ खेळत बसलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले होते.

मिशन्सचा विषय सामानाला चिकटलेलाच आहे. रॉयल पासमध्ये दर आठवड्याला कामांची एक यादी उघडते. कामं साधारण अशी: इतकी एनर्जी ड्रिंक वापरा, गाडीनं इतके किलोमीटर जा, अमुक प्रकारच्या बंदुकीनं इतक्यांना मारा, जोडीदाराला उठवा, पहिल्या दहांत या. केलं की गुण, गुणांवर पायऱ्या, पायऱ्यांवर कपडे आणि बंदुकांचे रंग. काही कामं सगळ्यांना, काही पैसे भरून पास घेतलेल्यांनाच.

यादीचा हेतू तुमचा हेतू नसतो, हे आधी ओळखलं पाहिजे. तुम्हाला जिंकायचं असतं. यादीला तुम्ही रोज यावं असं वाटत असतं. ड्रिंकचं मिशन उरकायला वर्तुळाबाहेर बसून राहिलेला, गाडीचे किलोमीटर भरायला भर रणांगणातून हॉर्न वाजवत जाणारा, पॅननंच मारायचं म्हणून बंदूक मागे टाकून धावलेला, असे कितीतरी जण मी पाहिले आहेत. त्यातली एक मीच होते. म्हणून मिशन्सच्या मागे पळू नये, ती वाटेत उरकावीत. बाजारात जाताना दळण टाकायचं, येताना भाजी, मधल्या वेळेत लाइटचं बिल, तसं. मागच्या आठवड्यांची कामं हंगाम संपेपर्यंत उघडी असतात, त्यामुळे घाई नसते. दोन-तीन आठवडे साचू द्यावं, मग सारख्या जातीची कामं एका फेरीत घ्यावीत. गाडीचे किलोमीटर आणि लांबच्या गावात उतरणं एकत्र होतं. उठवण्याचं मिशन आणि मित्रांसोबत खेळण्याचं मिशन एकत्र होतं.

यादीतले शब्द वकिलासारखे वाचा. 'क्लासिकमध्ये', म्हणजे बेटावरच्या नेहमीच्या खेळात, म्हटलं असेल तर छोट्या मैदानात, चार विरुद्ध चारच्या टीम डेथमॅचमध्ये केलेलं धरत नाहीत. म्हटलं नसेल तर बंदुकीची मिशन्स तिथेच उरकावीत, कारण तिथे मेलात तरी लगेच जिवंत होता आणि बंदूक शोधत बसावी लागत नाही. 'एकाच मॅचमध्ये' हे दोन शब्द दिसले नाहीत म्हणून माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

औषधांच्या मिशन्समध्ये एक गंमत आहे. ड्रिंक कधीही पिता येतं, त्यामुळे ते काम सोपं. घरात बसून पिऊन टाका. पण फर्स्ट एड तब्येत पंचाहत्तरच्या खाली असल्याशिवाय चालतच नाही. दवाखान्यात पाच वेळा जायचं बक्षीस आहे, पण आजारी तर पडायला हवं! तेव्हा मुलं पहिल्या वर्तुळाच्या बाहेर, जिथे झीज अगदी हळू असते, तिथे मुद्दाम उभी राहतात किंवा छपरावरून उडी मारून घेतात आणि मग शांतपणे पट्टी बांधतात. हे बघून मला पहिल्यांदा हसू आवरेना. आता मीही करते. फक्त ते सुरुवातीच्या मिनिटांत, आसपास कुणी नाही याची खात्री करून करायचं, आणि जोडीदारांना आधी सांगायचं. "माझं ड्रिंकचं मिशन आहे, एक्स्ट्रा असतील तर टाका," एवढं म्हटलं तर अनोळखी मुलंही पायाशी बाटल्यांचा ढीग घालतात. न सांगता मागे रेंगाळलात तर शिव्या पडतात आणि त्या रास्त असतात.

इतर खेळांत वस्तूंची नावं बदलतात, हिशोब तोच राहतो. फोर्टनाइटमध्ये लहान शील्ड पंचवीस भाग देतं, पण पन्नासपर्यंतच. मोठं पन्नास देतं आणि शंभरपर्यंत नेतं. म्हणून आधी दोन लहान, मग एक मोठं. उलट प्यायलात तर लहान बाटल्या नुसत्या ओझं होतात. एपेक्स लेजंड्समध्ये तर भरलेलं कवच पडलेल्या शत्रूच्या पेटीतून क्षणात अदलाबदल करून घेता येतं, पाच सेकंदांची बॅटरी लावत बसावं लागत नाही.

मिशन्समधून जमलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं, तेही आपल्या देशातल्या खेळाडूंनी पाहून घेतलं. २ सप्टेंबर २०२०ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली. दोन-दोन वर्षं मिशन्स करून भरलेली कपाटं कुलूपबंद झाली. २ जुलै २०२१ला तोच खेळ बीजीएमआय या नावानं आला, जुना माल नव्या खात्यात नेण्याची सोय घेऊन. रक्ताचा रंग हिरवा, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास. जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३मध्ये परतला. भाचा त्या मधल्या काळात दहावीला होता. त्याच्या आईनं देवापुढे पेढे ठेवले होते.

आता तो हॉस्टेलवर असतो आणि शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही खेळतो. गेल्या महिन्यात एकदा शेवटच्या वर्तुळात पोचलो. आम्ही दोघं आणि समोर एक जोडी. भाचा दगडापुढे, उघड्यावर पडला. माझ्याकडे तीन स्मोक होते, एक फर्स्ट एड, आणि निळी भिंत पंधरा पावलांवर. एक स्मोक त्यांच्याकडे टाकला, एक डावीकडे, एक त्याच्यावर. वाकले.

"आत्या, सोड, तू एकटी जिंकशील. ते दोघंही अर्धेच आहेत."

सात, आठ, नऊ. तो उठला. तेवढ्यात त्यांचा ग्रेनेड आमच्या दोघांच्या मधोमध येऊन पडला.

दुसरा नंबर. लॉबीत परत आलो तर मिशन्सच्या चौकोनावर लाल ठिपका दिसत होता. 'जोडीदाराला उठवा', तीन आठवडे राहिलेलं काम. भाचा म्हणाला, "क्लेम कर ना, नाहीतर विसरशील." मी दाबलं. टोपी मिळाली, जांभळी.